पुसायला आलेली बाई

माझं काम म्हणजे दिवसभर तेच तेच सांगणं. हिंगोलीत कोमल मॅडमचा त्वचेचा दवाखाना आहे, तिथं मी काउंटरवर बसते. नाव संध्या. मॅडम आत लेझर चालवतात आणि लोकांच्या शंका बाहेर माझ्या गळ्यात. दुखतं का? तोंड भाजतं का? किती वेळा यावं लागतं? खड्डे सगळे जातात का? लग्न पुढच्या आठवड्यात हाय, जमतं का? अगं बाई, लग्न पुढच्या आठवड्यात आणि तू आज येऊन राहिलीस? काळ्या खपल्या घेऊन बोहल्यावर चढणार का? हे सगळं मनात. तोंड मात्र गोडच ठेवावं लागतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवते ती हळद. इथं कापलं, भाजलं, खरचटलं की हळद दाबायची, ही लोकांची सवय. लेझरनंतर तोंडावर मॅडमनं दिलेल्या मलमाशिवाय काही लावायचं न्हाई, हे घसा सुकेस्तोवर सांगावं लागतं. हळदीच्या मार्केटच्या गावात ‘हळद लावू नका’ म्हणून पगार घेणारी मी एकटीच असेन.

आणि फोन. मॅडमचा नियमच आहे, पहिल्या रिंगला उचलायचा आणि ‘हो, बोला’ म्हणायचं. ती सवय इतकी अंगात मुरली की घरी कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या तोंडून ‘हो, बोला’ निघतं. माझे मालक धम्मानंद शाळेत विज्ञान शिकवतात. ते पोट धरून हसायचे. म्हणायचे, तुला यमानं हाक मारली तरी तू अपॉइंटमेंट देशील. आमच्या घरात यम न्हाई, देव न्हाई, देवी न्हाई. जे डोळ्यांनी दिसतं आणि हाताला लागतं तेवढंच खरं, अशा घरात मी वाढले आणि अशाच घरात नांदते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला येडी समजू नये.

मंजुळाबाई आल्या त्या दिवाळी झाल्यावर. डोंगरकडा गावाकडच्या. हिरवं लुगडं, पदर पार डोळ्यांपर्यंत ओढलेला. त्यांनी काउंटरवर आधी नारळ ठेवला, मग हळदकुंकवाची पुडी ठेवली आणि हात जोडले.

“पुसायला आले माय,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडं पुसणं म्हणजे विचारणं. मी म्हटलं, “पुसा ना मावशी.”

“देवी पुसायची हाय.”

बाकड्यावरच्या दोन पोरी फिस्कन हसल्या. मला पण हसू आवरेना. देवाला कौल लावायला जातात, त्याला खेड्यात देव पुसणंच म्हणतात. मी म्हटलं, “मावशी, देऊळ पुढं हाय. हा दवाखाना हाय.”

त्यांनी पदर मागं सारला. हसणाऱ्या पोरी गप्प झाल्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला. आताच्या पोरांना देवीचा रोग म्हणजे काय हे माहीत पण न्हाई. नाकाचा शेंडासुद्धा सुटला नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की यांना देवीला काही विचारायचं नव्हतं, देवी पुसून टाकायची होती.

“आन नारळ कशाला आणला?”

“दिरानं देला. दगडोबानं. त्याला सांगलं, हिंगोलीला देवी पुसायला चालले. त्याला वाटलं, मोठ्या ठाण्याला कौल लावायला चालली. मी खोटं न्हाई बोलले.” आणि तोंडावर हात ठेवून त्या हसल्या. लेकरू हसतं तशा. मला ती बाई तिथंच आवडली.

मग त्यांचं पुसणं सुरू झालं.

“पुसली की परत येती का?”

“न्हाई मावशी. एकदा गेलेला वण परत येत न्हाई. उन्हात जायचं न्हाई, तेवढं पाळा.”

“वरवर जाती का आतून जाती?”

“वरची कातडी जळते, आतून नवी येते. मशीन आत खोलवर काम करतं.”

“आन जुनी कुठं जाती?”

“झडून जाते.”

“झडून कुठं?”

इतकी वर्षं झाली, असं मला कोणी पुसलं नव्हतं. मी म्हटलं, “कुठं म्हणजे? उशीवर पडते, रुमालात पडते. कचऱ्यात जाते.”

“तिला जागा न्हाई देली तर ती बसंल कुठं?” त्या म्हणाल्या.

मी हसून विषय टाळला. मॅडमनं तपासलं आणि खरं ते सांगितलं, की वण जुने आहेत, वय झालंय, चेहरा काही लोण्यासारखा होणार न्हाई, खड्डे उथळ होतील. दर महिन्याला एक सिटिंग. मंजुळाबाई म्हणाल्या, “तिनं घर सोडलं म्हंजे झालं.” मॅडमला वाटलं, खेड्यातल्या बाईची बोलायची तऱ्हा आहे.

तऱ्हा नव्हती ती. लेझरच्या आधी तोंडावर बधिर करायचं मलम लावून तासभर बसावं लागतं. त्या बसण्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. लहान असताना गावात देवीची साथ आली. घरातली बाकीची लेकरं गेली, ही वाचली. “दुसऱ्याला देवी आली आन गेली,” त्या म्हणाल्या, “मला आली ती राह्यली.” लग्न होऊन आल्या तर सासूच्या अंगात यायचं. दर शुक्रवारी अंगणात गर्दी. सासू शेवटच्या आजारात आतल्या खोलीत पडलेली होती. ह्या चुलीपाशी. आतून हाक आली, “मंजुळे.” सुनेनं काय करावं? पहिल्या हाकेला ओ न्हाई दिली तर घर डोक्यावर घेतील. ह्या म्हणाल्या, “जी.” आत जाऊन बघतात तर सासू गार पडलेली, आन हात लावला तर लाकूड. हाक मारायच्या किती आधी गेली होती कोण जाणे. त्याच शुक्रवारी ह्यांचं अंग घुमायला लागलं.

“तवापासून मला कोणी मंजुळा म्हनलं न्हाई. मालकसुदिक आई म्हनायला लागले. खाट बाहेर टाकली त्यांनी. कडेवर लेकरू व्हतं म्हून तेवढं एक लेकरू तरी हाय मला.”

लोक काय पुसतात, मी विचारलं. म्हैस कुठं गेली, पोरीचं कुठं जमंल, पोरगं नोकरीला लागंल का. उत्तर काय दिलं ते ह्यांना ठाऊक नसायचं. “मी तिथं नसतेच ना माय. परत येते तवा घसा बसलेला आन लोक पायावर.” हळदीच्या दिवसांत ह्या कढईवर मजुरीला जायच्या, हळद शिजवायला. तिथं पण बाया ह्यांच्यापासून हातभर लांब बसायच्या. भाकरी कोणी अर्धी करून दिली न्हाई.

ऐकून माझा संताप झाला. मी म्हटलं, “मावशी, हे सगळं डोक्यातलं असतं. माणसानं एवढी वर्षं काहून सोसायचं?”

“मी सोसलं असतं अजून,” त्या म्हणाल्या, “पर आता पोरीवर आलं.”

पोरगी म्हणजे आरोही, त्यांची नात. आईबाप पुण्याला कंपनीत कामाला, पोरगी आजीजवळ. बारा-तेरा वर्षांची, चवळीच्या शेंगेसारखी, पायात कायम पळायचे बूट. शाळेतून तालुक्याच्या शर्यतीला निवड झाली होती. दवाखान्यात आली की भिंतीवरचं सगळं मोठ्यानं वाचायची आणि मला भंडावून सोडायची, “ताई, लेझर म्हंजे उजेडच ना? मग उजेडानं कसं काय जळतं?” दगडोबानं एका शुक्रवारी तिचे केस मोकळे सोडले आणि आजीशेजारी पाटावर बसवलं. हलगी वाजली तशी पोरगी जराशी डुलली. कोणतंही लेकरू डुलतं! पण दगडोबा सगळ्यांदेखत म्हणाला, “पुढची हीच.”

“मी मेले की ती हिला हाक मारील,” मंजुळाबाई म्हणाल्या. “त्याच्या आत माझ्यातूनच तिला पुसून टाकायची. ती असती कुठं? हितं असती.” त्यांनी बधिर गालावर बोट ठेवलं. “हे तिचं दार हाय. दार बुजवा.”

पहिली सिटिंग नीट झाली. आत मशीनची टकटक, जळक्या केसांसारखा वास. तो नेहमीचाच असतो. बाहेर आल्या तेव्हा तोंड लालबुंद. मी नेहमीचं सांगितलं, खपल्या ओढू नका, ऊन टाळा, हळद न्हाई. हळद म्हटल्यावर हसल्या. “जन्म हळदीत गेला न माझा,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. तो आम्ही सगळ्यांनाच करतो. मी म्हटलं, “मंजुळाबाई, कशा आहात?”

मला वाटलं फोन कटला. मग हुंदका ऐकू आला. “काय झालं मावशी? आग होते का?”

“न्हाई माय. समदं जग मला पुसतं. तू कशी हायेस, असं कोणी पुसलंच न्हाई.”

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसले. बघा, पुन्हा तोच शब्द आला.

पुढच्या सिटिंगला त्या आल्या तेव्हा कमरेला एक पुरचुंडी होती. मी विचारलं तर सोडून दाखवली. कडुनिंबाच्या पाल्यात तोंडाच्या खपल्या. सगळ्या. एक पण पडू दिली नव्हती. “उघड्यावर टाकत न्हाईत,” म्हणाल्या. “वाटंवर पडल्या आन कोणी ओलांडल्या म्हंजे?” मला शिसारी आली. मी म्हटलं, बांधा बांधा आधी.

चेहरा सुधारत होता. कपाळ पहिल्यांदा निवळलं. शुक्रवारी अंगातलं पण कमी झालं. नुसती जांभई यायची आणि उतरायचं. दगडोबा फणफणत होता. मंजुळाबाई खूश व्हायला पाहिजे होत्या. पण जसजसा चेहरा निवळत गेला तसतशा त्या खंगत गेल्या, आणि कारण त्यांनी मला कानाजवळ येऊन सांगितलं. दिवे लागायच्या वेळी आरोही अंगणात अभ्यास करते. एकदम मान वर करते आणि म्हणते, “आजी, मला कोणी हाक मारली?”

“तू ओ देली का?” ह्या विचारतात.

“न्हाई. मी तुला पुसलं आधी.”

“कोणी पैल्या हाकेला बोलावलं तर ओ द्यायची न्हाई, सांगून ठेवलं तिला,” मंजुळाबाई मला म्हणाल्या. “माणूस असला तर दुसऱ्यांदा हाक मारतो. ती एकदाच मारती. ओ भेटली की घुसली.” मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “तू बी जपत जा माय. तुझं लई वाईट हाय. फोन वाजला न वाजला की हो बोला.”

मी म्हटलं, “माझं पोट त्याच्यावर चालतं मावशी.”

हसण्यावारी नेलं मी. पण एक सांगते. त्यानंतर संध्याकाळी काउंटरवर एकटी असले की फोन वाजायच्या आधी मला उगाच वाटायचं की आता वाजणार. आणि वाजायचा.

शेवटची सिटिंग भर दुपारी होती. फक्त डावा गाल राहिला होता. आरोहीला शाळेला सुट्टी, ती आजीबरोबर आली होती. दुसऱ्या दिवशी तिची शर्यत. काउंटरला लागून असलेल्या बाकड्यावर बसून बुटाच्या नाड्या सोडून परत बांधत होती. बाहेर रस्त्यावर टेम्पो, दुकानातली गाणी, सगळं नेहमीचं. आत मशीनची टकटक सुरू झाली. आणि मग टकटक थांबली. पंखा चालू होता, पण त्याचा आवाज ऐकू येईना. रस्त्यावरचा पण न्हाई. ओल्या कडुनिंबाचा वास आला.

“आरोही.”

मऊ आवाज होता. घरातलं मोठं माणूस जेवायला बोलावतं तसा. आतल्या खोलीतून आला असता तर मला काही वाटलं नसतं. तो आला काउंटरच्या आतून. माझ्या खुर्चीच्या मागून, जिथं भिंत आहे.

मी पोरीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून मागं बघत होती. नाडी हातातून सुटलेली. चेहरा शांत, झोपेतून उठवलेल्या लेकरासारखा. तिचे ओठ उघडले. ओठांचा तो गोल आकार मी अजून विसरले न्हाई. ओ येणार होती.

मी काउंटरवरून अर्धी वाकले आणि तिच्या तोंडावर हात दाबला. देवी आहे का न्हाई, डोक्यातलं आहे का बाहेरचं, काही मनात आलं न्हाई. एवढंच आलं की ह्या पोरीला उद्या पळायचं आहे. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी वाट बघतंय, उत्तर पाहिजे म्हणून थांबलंय, असं मानेला जाणवलं. जसं फोनवर पलीकडचं माणूस थांबतं तसं.

“हो, बोला,” मी म्हणाले.

पंखा ऐकू यायला लागला. टेम्पोचा हॉर्न वाजला. आरोहीनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, “ताई, काय करून राहिल्या तुमी? श्वास कोंडला न माझा!”

मी आत धावले. मॅडम शांतपणे गालावर मलम लावत होत्या. “मावशींनी हाक मारली का आता?” मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “त्या कशाला मारतील? केव्हाच्या झोपल्यात. ओठ पण बधिर आहेत.”

मंजुळाबाई उठल्यावर त्यांनी आरसा मागितला. कधी मागत नसत. डाव्या गालावरून हात फिरवला. लालभडक होता, सुजला होता, पण त्या बघत राहिल्या. “कोण हाय गं ही?” म्हणाल्या. मी म्हटलं, “मंजुळा हाय.” त्या रडायला लागल्या. मी पण रडले. आरोही म्हणाली, काय ह्या बाया!

दुसऱ्या दिवशी पोरगी पळाली. पहिली आली न्हाई, पण पळाली. शुक्रवारी हलगी वाजून वाजून फुटायची राहिली. आजी पाटावर बसून शेंगा फोडत होती आणि नात घरात गणितं करत होती. दगडोबानं शेवटी लोकांना घरी लावून दिलं.

आणि माझं सांगते.

एक बाई आली, तोंडावरच्या डागांसाठी. नेहमीचं पुसत होती, दुखतं का, सूज किती दिवस. मी म्हणाले, “पोटात लेकरू हाय, आता लेझर नको.” बाई बघतच राहिली. तिलाच माहीत नव्हतं. मॅडमनं तपासणी करायला लावली. होतं. मॅडम म्हणाल्या, अनुभवानं कळतं संध्याला. मी पण मान डोलावली. पण मला तर ते बोलल्याचं आठवतच नव्हतं. घसा तेवढा बसला होता.

मग लोक यायला लागले. ज्यांच्या तोंडावर एक डाग न्हाई असे लोक. बाकड्यावर बसतात, पायातली चप्पल बाहेर काढून. आधी लेझरचं पुसतात, मग आवाज खाली करून दुसरंच पुसतात. मी ओरडते, हा दवाखाना हाय, निघा! निघत न्हाईत. मी काय सांगते ते मला माहीत न्हाई. मॅडम हल्ली माझ्याशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणतात.

धम्मानंद आधी हसायचे. आता हसत न्हाईत. मला नावानं हाक मारणं पण सोडलंय त्यांनी. मी भांडून विचारलं, काहून? म्हणाले, “तू हाकेच्या आधीच ओ देऊन राहिलीस.”

परवा मंजुळाबाई आल्या. एकट्याच, पदर खांद्यावर, डोकं उघडं. भाकरी आणि ठेचा घेऊन. बाकड्यावरच्या लोकांना त्यांनी हात धरधरून उठवलं, बाहेर काढलं, दार लावलं. मग काउंटरच्या आत येऊन माझी हनुवटी उजेडाकडं वळवली. डाव्या गालावर बोट ठेवलं. तिथं एक बारीक खड्डा पडलाय. पुटकुळी न्हाई, खाज न्हाई, काही न्हाई. मी रोज मलम लावते, आणि कोणाला सांगितलं न्हाई.

“पैल्या हाकेला ओ देली ना तू?” त्या म्हणाल्या.

“सवय आहे मावशी.”

त्यांनी भाकरी मधोमध मोडली, अर्धी माझ्या हातात दिली, अर्धी स्वतः घेतली आणि माझ्या शेजारी, अगदी खेटून बसल्या. डोळ्यांत पाणी होतं.

“आता मी पुसते,” त्या म्हणाल्या. “संध्या, तू कशी हायेस?”

किती दिवसांनी कोणी मला हे पुसत होतं. सगळं सांगायचं होतं, घसा बसतो ते, धम्मानंदांनी खाट हलवली ते, मला भीती वाटते ते. भाकरीचा घास गिळून बोलावं म्हणून मी थांबले.

“बरी हाय,” असं उत्तर आलं, मऊ आवाजात.

मंजुळाबाईंच्या हातातली भाकरी खाली पडली. घास अजून माझ्या तोंडातच होता.